दुसऱ्या महायुद्धाला कलाटणी नेमकी कुठे मिळाली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: क्लासच्या नोट्समध्ये ‘महायुद्धाला कलाटणी देणाऱ्या लढाया’ म्हणून स्टालिनग्राड, मिडवे आणि एल अलामेन ही तीन नावं एका ओळीत दिली आहेत. त्यातली खरी कोणती? रशियाच्या थंडीमुळे जर्मनीचा पराभव झाला, हे बरोबर का? आणि जिथे आपली माणसं लढली, ती कोहिमा-इंफाळची लढाई या यादीत का नाही?

उत्तर देण्याआधी मी कुठून बघतोय ते सांगायला हवं. माझी सगळी नोकरी सैन्याच्या रसद खात्यात, म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये झाली. शिधा आणि इंधन पोचवायचं, दारूगोळ्याच्या गाड्या चालवायच्या, रस्ता नसेल तिथे विमानातून माल टाकायचा, हे आमचं काम. निवृत्तीनंतर स्पर्धा परीक्षेच्या मुलांना जागतिक इतिहास शिकवतो. त्यामुळे कुठल्याही लढाईचं वर्णन वाचताना माझं लक्ष आधी पिछाडीकडे जातं. रेल्वे कुठपर्यंत होती, बंदर किती लांब होतं, रोज किती टन लागत होते आणि प्रत्यक्षात किती पोचत होते. पायदळातल्या माणसाला विचारलंत तर तो वेगळ्या क्रमाने सांगेल, आणि तोही चुकीचा नसेल.

तुमची खरी अडचण तीन नावांतून एक निवडण्याची नाही. नोट्स लिहिणाऱ्याने तीन वेगळ्या जातीच्या घटना एका मथळ्याखाली बसवल्या आहेत. शत्रूची मूळ योजना फसते ती एक वेळ. पुढची चाल कोण ठरवणार हे एका हातातून दुसऱ्या हातात जातं ती दुसरी. आणि झालेलं नुकसान हरणाऱ्याला यापुढे भरून काढताच येणार नाही अशी स्थिती येते, ती तिसरी. या तिन्ही वेळा एकाच दिवशी येत नाहीत. जर्मनीच्या बाबतीत त्यांच्यात दीड वर्षाचं अंतर आहे. शिवाय कोणत्या आघाडीबद्दल विचारताय यावरही उत्तर बदलतं. जर्मनीविरुद्धचं आणि जपानविरुद्धचं युद्ध ही बऱ्याच अंशी दोन वेगळी युद्धं होती.

मी स्वतः तिसऱ्या वेळेला सगळ्यात जास्त वजन देतो. कारण मोठी लढाई हरून युद्ध जिंकल्याची उदाहरणं याच महायुद्धात ढिगाने आहेत. ब्रिटनने १९४० मध्ये डंकर्कहून तीन लाखांवर माणसं परत आणली, पण तोफा, ट्रक, रणगाडे जवळपास सगळेच किनाऱ्यावर सोडून. सप्टेंबर १९४१ मध्ये कीव्हच्या वेढ्यात सहा लाखांहून जास्त सोव्हिएत सैनिक कैद केल्याचा दावा जर्मनीने केला. त्याच वर्षी डिसेंबरात पर्ल हार्बर झालं. या तिन्ही ठिकाणी मार खाणारे पुढे जिंकले, कारण गेलेलं परत उभं करायला त्यांच्याकडे कारखाने, माणसं आणि वेळ होता.

आता थंडीचं बघू. जर्मनीने २२ जून १९४१ ला रशियावर हल्ला केला तेव्हा सीमेवर तीस लाखांच्या आसपास सैन्य होतं. चित्रपटांत आपण रणगाडे बघतो, पण त्या सैन्याबरोबर सहा लाखांहून अधिक घोडे होते आणि तोफा-गाड्या ओढण्याचा बराचसा भार त्यांच्यावर होता. ट्रकने नीट पुरवठा करता येईल ते अंतर साधारण पाचशे किलोमीटर, म्हणजे दनिपर नदीच्या आसपास, असा त्यांच्याच रसद खात्याचा हिशेब होता. मॉस्को त्याच्या दुप्पट लांब. तिथून पुढे रेल्वे लागणार, आणि रशियाची रेल्वे रुंद रुळांची. जर्मन गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १४३५ मिलिमीटर, रशियन १५२४. एक रूळ उखडून आत सरकवणं हे काही अशक्य काम नाही. खरी पंचाईत पुढची होती. रशियन इंजिनं मोठी, त्यामुळे त्यांची पाणी भरायची ठिकाणं एकमेकांपासून लांब. लहान जर्मन इंजिनाला मध्येच पाणी लागे आणि ते मिळत नसे.

सप्टेंबर संपेपर्यंत, म्हणजे बर्फ पडायच्या आधी, जर्मनीचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून पाच लाखांवर गेले होते. ऑक्टोबरात चिखल. नोव्हेंबरात जमीन गोठल्यावर गाड्या पुन्हा चालू लागल्या, तेव्हा पुढे काय पाठवायचं हा प्रश्न आला: दारूगोळा, पेट्रोल की गरम कपडे? रोज येणाऱ्या आगगाड्या मोजक्या होत्या, त्यांनी दारूगोळा आणि पेट्रोल निवडलं. गरम कपडे मागे पोलंडमध्ये अडकून राहिले. वाढपीच कमी असले तर स्वयंपाकघरात कितीही जिलबी तळून ठेवा, पंगत उपाशीच उठते. ५ डिसेंबरला सोव्हिएत सेनापती झुकॉव्हने मॉस्कोसमोर प्रतिहल्ला केला तेव्हा थंडी दोन्ही बाजूंना सारखीच होती. फरक इतकाच की रशियनांच्या पाठीशी मॉस्कोचं रेल्वे जंक्शन होतं आणि जर्मनांच्या पाठीशी हजार किलोमीटरची तुटक वाट. तेव्हा परीक्षेत ‘थंडीमुळे’ असं लिहू नका. थंडीने आधीच मोडलेली गोष्ट उघड केली. आठ-दहा आठवड्यांत रशिया कोसळेल ही योजना मॉस्कोपुढे फसली. पहिली वेळ ती.

पण मॉस्कोनंतरही जर्मनी संपली नव्हती. १९४२ च्या उन्हाळ्यात तिने पुन्हा चढाई केली. संपूर्ण आघाडीवर करण्याची ताकद उरली नव्हती म्हणून फक्त दक्षिणेत. उद्देश तेलाचा. मायकोप ऑगस्टमध्ये हाती आलं, पण रशियनांनी विहिरी निकामी करून ठेवल्या होत्या. ग्रोझनी आणि बाकू शेवटपर्यंत मिळाले नाहीत. आणि एकाच वेळी कॉकेशस आणि व्होल्गा अशा दोन दिशांना फौज पाठवल्यामुळे स्टालिनग्राडच्या दोन्ही बगला रुमानियन, इटालियन आणि हंगेरियन सैन्याच्या भरवशावर राहिल्या. त्यांच्याकडे रणगाडाविरोधी तोफा पुरेशा नव्हत्या, हे जर्मन सेनापतींना माहीत होतं.

स्टालिनग्राडबद्दल नोट्समध्ये घराघरातली लढाई असते. ती खरी आहे, भयंकर आहे, पण निकाल तिथे लागला नाही. १९ नोव्हेंबर १९४२ ला सोव्हिएत सैन्याने शहराच्या उत्तरेला आणि दुसऱ्या दिवशी दक्षिणेला रुमानियन आघाडी फोडली, आणि २३ तारखेला दोन्ही फळ्या कलाचजवळ एकमेकींना मिळाल्या. आत जर्मन बाजूची अडीच लाखांहून अधिक माणसं अडकली. फौजेचे बहुतेक घोडे चाऱ्याअभावी हिवाळ्यासाठी आधीच मागे पाठवलेले. म्हणजे बाहेर पडायचं ठरवलं असतं तरी तोफा तिथेच टाकून जावं लागलं असतं.

इथे मी फळ्यावर मुलांकडून एक हिशेब करून घेतो. वेढ्यातल्या जर्मनांच्या सहाव्या आर्मीला तगून राहायला रोज किमान ३०० टन माल हवा होता. लढायचं तर पाचशेच्या वर. जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंगने विमानाने पुरवू असं सांगितलं. युंकर्स ५२ या विमानात साधारण दोन टन मावतात. म्हणजे ३०० टनांसाठी रोज दीडशे विमानं उतरायला हवीत. उडायच्या स्थितीत नेहमीच तिसरा हिस्सा, फार तर निम्मी विमानं असतात. म्हणजे हाताशी तीनशे-चारशे हवीत. त्यातून धुकं, बर्फ, दिवसाचे थोडे तास, वर शत्रूची लढाऊ विमानं. नोकरीत ज्याने हवाई पुरवठ्याचा एक जरी तक्ता भरलाय, त्याला इथेच पुढचं दिसतं. प्रत्यक्षात सरासरी शंभर-सव्वाशे टन पोचले. २४ डिसेंबरला सोव्हिएत रणगाडे थेट तात्सिन्स्कायाच्या विमानतळावर घुसले, तेव्हा तळ आणखी मागे गेला. जानेवारीत वेढ्यातल्या धावपट्ट्या गेल्या, मग फक्त पॅराशूटने टाकायचं. टाकलेला माल आणि हाताला लागलेला माल हे दोन वेगळे आकडे असतात. आमच्या बर्फातल्या चौक्यांवर शांततेच्या दिवसांतही ते कधी जुळत नसत. तिथे तर खालची माणसं उपाशी, गोठलेली आणि गोळीबाराखाली होती.

मग हे आश्वासन दिलंच कसं? कारण आधी एकदा जमलं होतं. १९४२ च्या सुरुवातीला देम्यान्स्कच्या वेढ्यातल्या सुमारे एक लाख माणसांना जर्मन हवाई दलाने काही महिने जगवलं होतं. एक लाखांना जमलं म्हणून अडीच लाखांना जमेल, असा सरळ गुणाकार केला गेला. विमानं मात्र अडीचपट झाली नव्हती. या हवाई पुरवठ्यात जवळपास पाचशे विमानं गेली, त्यांच्याबरोबर प्रशिक्षण शाळांमधले वैमानिक-शिक्षकही. २ फेब्रुवारी १९४३ ला शेवटची तुकडी शरण आली. सुमारे ९१ हजार कैदी झाले, त्यातले पाच-सहा हजारच पुढे घरी परतले.

ही दुसरी वेळ. तिसरीही इथेच सुरू झाली, कारण एक अख्खी आर्मी तिच्या सामानासकट गेली. दुसऱ्या बाजूला १९४१ मध्ये दीड हजारांहून जास्त कारखाने उचलून उरलच्या पलीकडे नेलेला रशिया १९४२ सालात २४ हजारांच्या आसपास रणगाडे बनवत होता. जुलै १९४३ मध्ये कुर्स्कला जर्मनीने शेवटची मोठी चाल केली आणि आठवडाभरात ती थांबवली. माझ्या मते कुर्स्कने काही फिरवलं नाही, फिरलेलं पक्कं केलं. रणगाड्यांची सगळ्यात मोठी लढाई म्हणून तिला नोट्समध्ये जागा मिळते, इतकंच.

एल अलामेनबद्दल माझं मत ब्रिटिश पुस्तकं वाचून आलेल्या मुलांना आवडत नाही. लढाई महत्त्वाची होती. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९४२ मध्ये ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीने जर्मन सेनापती रोमेलला इजिप्तच्या दारातून कायमचं हटवलं, सुएझ वाचला. पण रोमेलची गोची त्याआधीच झाली होती. अलेक्झांड्रिया समोर शंभर किलोमीटरवर आणि त्याचं मुख्य बंदर त्रिपोली मागे दोन हजार किलोमीटरवर. बेनगाझी आणि तोब्रुक जवळची, पण त्यांची माल उतरवण्याची कुवत कमी आणि त्यांवर बॉम्बहल्ले चालू. पेट्रोल पोचवणारे ट्रकच त्यातलं बरंचसं पिऊन टाकत. तेलाची जहाजं भूमध्य समुद्रात बुडत होती. जितकं पुढे जावं तितकं दुबळं व्हावं, अशी त्याची अवस्था. शिवाय आकार बघा: अलामेनला जर्मन-इटालियन मिळून लाखभर सैन्य होतं. त्याच महिन्यांत जर्मनीच्या सैन्याचा बहुतांश भाग रशियात लढत होता. ८ नोव्हेंबरला अमेरिकन-ब्रिटिश फौजा मोरोक्को-अल्जेरियात उतरल्यावर रोमेलला अलामेन जिंकूनही मागे वळावंच लागलं असतं. तेव्हा ही आफ्रिकेतली कलाटणी म्हणा, जगाची नको. या मोहिमेत आपली, म्हणजे भारतीय सैन्याची, चौथी डिव्हिजन होती आणि मे १९४३ मध्ये ट्युनिशियात जर्मन सेनापती फॉन आर्निम तिच्याच हाती लागला, हे मात्र उत्तरात लिहायला हरकत नाही.

पॅसिफिककडे येऊ. ४ जून १९४२ ला मिडवेजवळ अकागी, कागा, सोर्यू आणि हिर्यू या चार जपानी विमानवाहू नौका एका दिवसात गेल्या. हवाईतल्या अमेरिकन गुप्तलिपी पथकाने जपानी संदेश उलगडले होते. ‘एएफ’ हे सांकेतिक नाव मिडवेचंच आहे का, हे ताडून बघायला तिथून मुद्दाम ‘गोड्या पाण्याची टंचाई आहे’ असा साधा संदेश पाठवण्यात आला, आणि जपानी संदेशांत लगेच ‘एएफला पाण्याची टंचाई’ आलं. मला त्याहून भावते ती गोदीतल्या कामगारांची गोष्ट. मे महिन्यात कोरल समुद्रात जखमी झालेली यॉर्कटाउन ही नौका पर्ल हार्बरच्या गोदीने तीनेक दिवसांत लढण्याजोगी करून परत समुद्रात सोडली. ती मिडवेला होती म्हणून अमेरिकेची विमानं पुरली. ती तिथेच बुडाली, ते वेगळं.

एक दुरुस्ती मात्र करून घ्या. मिडवेला जपानचे सगळे कसलेले वैमानिक बुडाले असं बऱ्याच नोट्समध्ये असतं. तसं झालं नाही. सुमारे अडीचशे विमानं गेली, पण वैमानिक बऱ्यापैकी वाचले. जास्त मेले ते नौकांवरचे तंत्रज्ञ आणि मेकॅनिक. वैमानिकांची खरी झीज ऑगस्ट १९४२ पासून ग्वाडलकॅनाल आणि सॉलोमन बेटांवर झाली. तिथे रात्री जपानच्या भरधाव विनाशिका (वेगवान युद्धनौका) येत, तांदळाचे पिंप समुद्रात सोडत आणि उजाडायच्या आत पळत, कारण दिवसा बेटावरच्या धावपट्टीवरून अमेरिकन विमानं उठत. जपानने तिथे सुमारे ३६ हजार माणसं उतरवली. २५ हजारांच्या आसपास मेली, त्यांतली खूपशी उपासमारीने आणि रोगाने. मिडवेला जपानची पुढची चाल थांबली. ग्वाडलकॅनालनंतर ती उलटी फिरली. आणि तोवर अमेरिकन गोद्या कामाला लागल्या होत्या. युद्ध संपेपर्यंत त्यांनी एसेक्स वर्गाच्याच १७ मोठ्या विमानवाहू नौका ताफ्यात आणल्या. जपानला चार नौका भरून काढायलाही दमछाक झाली.

तुमच्या यादीत अटलांटिक नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. तिथे एका दिवसाची लढाई नाही, एक सेनापती नाही, फोटो काढायला रणांगण नाही, म्हणून बहुधा. पण ब्रिटनचं अन्न, तेल, आर्क्टिक समुद्रातून रशियाला जाणारी मदत आणि पुढे नॉर्मंडीत उतरलेलं अमेरिकन सैन्य त्याच पाण्यावरून गेलं. मार्च १९४३ मध्ये दोन ताफ्यांवर मिळून झालेल्या एकाच लढाईत पाणबुड्यांनी २२ व्यापारी जहाजं बुडवली. दोनच महिन्यांनी, मेमध्ये, जर्मनीच्या ४१ पाणबुड्या गेल्या आणि २४ मे रोजी अॅडमिरल डोनिट्झने उत्तर अटलांटिकमधून त्या मागे बोलावल्या. लांब पल्ल्याची लिबरेटर विमानं आल्यामुळे समुद्राच्या मधला उघडा पट्टा झाकला गेला होता, रात्रीही पाणबुडी टिपणारं लहान तरंगलांबीचं रडार होतं, ताफ्यांबरोबर छोट्या विमानवाहू नौका होत्या. त्यातच अमेरिकेने लिबर्टी जातीची २७१० मालवाहू जहाजं बांधली. बुडवण्याच्या वेगापेक्षा बांधण्याचा वेग वाढला आणि पाणबुड्यांचं गणित कायमचं तुटलं. नॉर्मंडीचा ६ जून १९४४ हा मोठा दिवस खराच, पण तो शक्य झाला तो या मे महिन्यामुळे.

इथवरचं माझं उत्तर एकत्र सांगायचं तर, युरोपात योजना मॉस्कोला फसली, पुढाकार स्टालिनग्राडला गेला, आणि पश्चिमेची वाट अटलांटिकवर मोकळी झाली. जपानविरुद्ध मिडवेला थोपवणं आणि ग्वाडलकॅनालला उलटवणं झालं. एकच नाव द्यायची सक्ती केलीत तर मी स्टालिनग्राड म्हणेन. सागरी युद्धाचा माणूस माझ्याशी भांडेल आणि मी फार ताणणार नाही.

आता कोहिमा-इंफाळ. दिमापूरहून कोहिमामार्गे इंफाळला जाणारा रस्ता नोकरीमुळे माझ्या पायाखालचा आहे. पावसाळ्यात त्या रस्त्याची एक कड खचली की मागे दिवसभर ट्रकांची रांग लागते. ज्याने ती बघितली, त्याला १९४४ ची लढाई नकाशाशिवाय समजते.

त्या वर्षी दिमापूर हा ब्रिटिशांचा प्रचंड रसद तळ होता: अकरा मैल लांब, एक मैल रुंद, नुसती गोदामं. मार्चमध्ये जपानचा सेनापती मुतागुची तीन डिव्हिजन घेऊन चिंदविन नदी ओलांडून आला. बरोबर साधारण तीन आठवड्यांचा शिधा, आणि हलती रसद म्हणून बैल व शेळ्या-मेंढ्यांचे कळप. ओझं वाहतील आणि मग खायला होतील, अशी कल्पना. बैल बरेचसे नदीत आणि डोंगरात गेले. पुढचं जेवण इंफाळची गोदामं लुटून मिळणार होतं. म्हणजे योजनेत जिंकण्याची तारीख आधीच लिहिलेली. तीन आठवड्यांत इंफाळ मिळालं नाही तर काय, याचं उत्तर त्यात नव्हतं.

समोर ब्रिटिश-भारतीय फौजेचा सेनापती स्लिम होता. त्याने पुढच्या डिव्हिजन मुद्दाम इंफाळच्या पठारावर मागे घेतल्या. आपली वाट आखूड, शत्रूची लांब. हा निर्णय घ्यायला थोडा उशीर झाला आणि ब्रह्मदेशातल्या टिड्डिमकडची सतरावी डिव्हिजन लढत-लढत मागे आली, पण आली. रस्ता तुटल्यावर पठारावर दीड लाखांच्या घरात माणसं अडकली. म्हणजे स्टालिनग्राडसारखाच प्रश्न: वेढा, आणि विमान हीच वाट. तळापासूनचं अंतरही फार वेगळं नव्हतं. हवामान इथेही वाईट, बर्फाऐवजी मोसमी पाऊस.

मग इथे जमलं आणि तिथे नाही, असं का? मी दोन्ही प्रसंग मुलांना शेजारी-शेजारी शिकवतो ते यासाठीच. पठारावर आधीच साठा केलेला होता. आकाश आपलं होतं. पठारावर अनेक धावपट्ट्या होत्या, त्यातल्या मोजक्या पावसातही चालणाऱ्या. वेढा पडताच शिधा कापला, आणि जे लढत नव्हते त्यांना परतीच्या विमानांनी बाहेर काढलं: सुमारे ४३ हजार बिगर-लढाऊ माणसं, शिवाय १३ हजार जखमी आणि आजारी. खाणारी तोंडं कमी झाली आणि जाणारं विमान रिकामं परतलं नाही. आत सुमारे १९ हजार टन माल गेला. त्याच्या आधी ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरच्या आराकानमध्ये लढत असलेली पाचवी डिव्हिजन तोफा आणि खेचरांसकट उचलून विमानाने इंफाळला आणली, त्यासाठी हिमालयावरून चीनला माल नेणारी विमानं माउंटबॅटनने वळवली. फेब्रुवारीत आराकानमध्येच वेढ्यातल्या फौजेला वरून पुरवण्याची छोटी तालीम झाली होती. जर्मनांचं देम्यान्स्क तसं ते यांचं. फरक असा की इथे तालमीनंतर विमानंही मिळवली गेली.

कोहिमाला ४ एप्रिलपासून दोन आठवडे वेढा होता. लढणारे दीड हजारांच्या आसपास, समोर मुतागुचीच्या हाताखालचा सेनापती सातो याची जवळपास पूर्ण डिव्हिजन. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टाच्या दोन कडांना दोन सैन्यं, इतकी जवळ. सातोने कोहिमा सोडून दिमापूरवर चालून जावं असं मुतागुचीला वाटत होतं, पण वरून परवानगी मिळाली नाही. माझ्या मते या मोहिमेतला जपानचा एकमेव खरा मोका तो होता. दिमापूर गेलं असतं तर सातोच्या माणसांना वर्षभराचं खायला मिळालं असतं आणि इंफाळला बाहेरून कोणीच पोचलं नसतं. मेच्या अखेरीस सातोने, अन्न नाही म्हणून, हुकूम नसताना डिव्हिजन मागे घेतली. २२ जूनला कोहिमा-इंफाळ रस्ता १०९ व्या मैलावर खुला झाला. जपानच्या सुमारे ८५ हजारांपैकी पन्नास हजारांवर माणसं मेली, जखमी वा आजारी होऊन निकामी झाली, आणि मेलेल्यांत भूक-रोगाने गेलेले पुष्कळ.

आपल्या मराठी माणसांचं विचारलंत म्हणून: कोहिमाच्या आधी, २२ ते २६ मार्चला, उखरुलकडच्या सांगशाकला पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. पाणी नव्हतं, वरून टाकलेला माल बराचसा जपान्यांच्या हाती पडत होता. जागा शेवटी सोडावी लागली, पण सातोच्या एका रेजिमेंटचे जे दिवस तिथे खर्च झाले ते तीन आठवड्यांच्या शिध्यातले होते. शौर्यपदकांच्या यादीत सांगशाक फारसं दिसत नाही. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांना त्याच वर्षी जुलैत इटलीत केलेल्या पराक्रमासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो सगळ्यांना माहीत आहे. पराक्रम आणि निर्णायकपणा यांची मोजमापं वेगळी असतात, उत्तर लिहिताना ती मिसळू नका.

आझाद हिंद सेनाही त्याच आघाडीवर होती. १४ एप्रिल १९४४ ला मोइरांगला तिने तिरंगा फडकवला. जपान्यांनाच पुरत नसलेल्या रसदीतून तिच्या वाट्याला काय येणार? तिच्या सैनिकांचे हाल गोळ्यांइतकेच उपासाने आणि मलेरियाने झाले. योगायोग असा की त्याच दिवशी दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये, कापसाच्या गासड्या आणि सुमारे १४०० टन स्फोटकं एकत्र भरलेलं फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं. ६६ अग्निशामक जवान गेले. कापूस आणि दारूगोळा एका जहाजात चढवायचा नसतो हे रसदीतल्या शिकाऊलाही माहीत असतं, पण जहाजंच कमी होती.

तर कोहिमा-इंफाळ यादीत का नाही? काही अंशी दुर्लक्ष खरंच आहे. नॉर्मंडीच्या बातम्यांनी त्या जूनमध्ये बाकी सगळं झाकलं. २०१३ मध्ये लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमच्या मतदानात ती ब्रिटनची सर्वांत थोर लढाई ठरली, तेव्हा तिथल्याही अनेकांना नवल वाटलं. पण काही अंशी कारण रास्त आहे. इंफाळ पडलं असतं तरी १९४४ च्या मध्याला जपान पॅसिफिकमध्ये हरतच होता. सायपानवर अमेरिकन सैन्य जूनमध्येच उतरलं होतं. बंगालमध्ये, आदल्याच वर्षी दुष्काळाने लाखो माणसं गेलेल्या प्रांतात, काय झालं असतं ते सांगणं अवघड, आणि भारतासाठी तो परिणाम फार मोठा असता. युद्धाचा शेवट मात्र बदलला नसता. ब्रह्मदेशाच्या आघाडीची ती निःसंशय कलाटणी आहे: ज्या जपानी फौजेने इथे माणसं आणि सामान गमावलं तिला १९४५ च्या मार्चमध्ये मैक्तिला राखता आलं नाही आणि मेच्या सुरुवातीला रंगून गेलं.

तुमच्या उत्तरपत्रिकेत ती याच जागी ठेवा, मिडवे-स्टालिनग्राडच्या ओळीत नको. आणि शब्द उरले तर सांगशाक, दिमापूरची गोदामं आणि नागा हमालांनी पाठीवर वाहिलेला माल यांच्यासाठी दोन ओळी खर्च करा. तपासणाऱ्याने त्या आधी शंभर उत्तरांत वाचलेल्या नसतील.